ट्रॅक्टरचं तोंड कुणीकडं

लोहा,
२४ एप्रिल २०१६

ति. सिंधुआक्कास,
धाकट्या भावाचा, अण्णारावचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमननं शेडच्या दारातूनच विचारलं, "काय अण्णाराव, कोर्टाची नोटीस हाय का?" हातानं लिहिलेलं पत्र आजकाल येतंय कुणाला! पण लिहिलंस ते बरं केलंस. तुमच्या घरी फोन आला की तुझ्या सासूबाईंना, नागुबाई मावशींना ऐकू यावं म्हणून तो स्पीकरवर लावतात. मग "जेवलास का, काय करून राहिलास" याच्या पुढं आपली गाडी जात नाही.

इकडं टँकर पाचव्या दिवशी येतो. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते तू ऐकलंच असशील. माझ्या शेडवर सध्या एकच काम आहे, पाण्याच्या टाक्या. ज्याच्याकडं दोन चाकं आणि एक लोखंडी सांगाडा आहे, तो येतो आणि म्हणतो, यावर टाकी बसवून द्या. नांगर, वखर, पेरणीयंत्र कुणी विचारत नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या तेवढ्या आमच्याकडं भरपूर.

तू मिनी ट्रॅक्टर चालवायला शिकलीस हे वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो. लहानपणी मला सायकलवर डबलसीट घेऊन ओढ्यात घालणारी बाई आता उदगीरला प्लॉटवरच्या बाभळी काढणार, रोटाव्हेटर मारून ढेकळं मोडणार! उदगीर जिल्हा होणार म्हणून तिकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी प्लॉटिंग सुरू आहे असं तू लिहितेस. जिल्हा होईल तेव्हा होईल, प्लॉटवाले आधीच कलेक्टर झाले. पण शेतात काम नाही आणि तिथं आहे, तर जा. मी अडवणारा कोण? तीन गावांना फिरायचं म्हणजे ट्रॅक्टर रस्त्यानं चालवत नेणं परवडणार नाही, हेही खरं. ट्रॉली लागेलच.

आता तू बघितलेल्या तीन ट्रॉल्यांचं.

उसाची जुनी दोनचाकी नको. तिचा सांगाडा वाकलेला असतो आणि रंगाखाली दिसत नाही. टँकरची टाकी काढून केलेली तर मुळीच नको. तो विकणारा "लई दणकट हाय" म्हणेल, म्हणू दे. तिची चाकं टाकीच्या हिशोबानं बसवलेली असतात, ट्रॅक्टरच्या नाही. तिसरी, चार चाकांची, दोन आसांची आहे ती बघ. तुझा ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून हजार-अकराशे किलो होतात, त्यात ट्रॉलीचं स्वतःचं वजन मिळव. एवढं वजन नुसत्या गाडीच्या ब्रेकवर उतारावर थांबत नाही, म्हणून ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक पाहिजेतच. हूकच्या खाली दोन साखळ्या, एकमेकींवर तिरप्या टाकलेल्या. हूक निसटला तर दांडा रस्त्यावर पडू नये. चढायच्या फळ्यांना आडव्या पट्ट्या. चारी कोपऱ्यांना कड्या, चारी कड्यांना साखळी ताणून बांधायची. रोटाव्हेटर उचललेला ठेवायचा नाही, खाली टेकवायचा. मागं लाल दिवे. शरणप्पाची पिकअप आहे म्हणतेस, ती चालेल, पण त्याला सांग, चाळीसच्या वर जायचं नाही.

चढवायचं, बांधायचं ते शरणप्पाला कळेल. शेजारी आहे तुमचा, जुना ड्रायव्हर आहे.

एक मात्र लिहितो. दोन चाकांची ट्रॉली कुणीही दिली, अगदी माझ्या हातची दिली तरी घ्यायची नाही.

दाजींना नमस्कार. मावशींच्या पाया पडतो. पाडव्याला येणार होतो, कामामुळं जमलं नाही.

तुझा,
अण्णा


जळकोटजवळून,
२ मे २०१६

चि. अण्णास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चार चाकांची ठरवली. कामामुळं जमलं नाही म्हणतोस, पण तीन पाडवे झाले, अण्णा. मारोती भाऊजी गेल्यापासून तू आमच्या दारात आला नाहीस. दहाव्याला आलास तो शेवटचा. मी काही म्हणत नाही. माहेरची वाट मलाच आठवत नाही आता.

घरचं तेच आहे. आत्याबाई यांच्याशी बोलत नाहीत. मधे मी उभी असते. "त्याला म्हणावं भाकरी खाऊन घे." "तिला म्हणावं भूक न्हाई." नाव घेत नाहीत लेकाचं, त्याला म्हणावं एवढंच. धाकटा गेला तो याच्या हातानं, याला जोरात हाकायची मस्ती होती, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि हे तिथंच बसून ऐकतात. पोलिसांपुढंही यांनी तसंच सांगितलं होतं, माझ्या हातून गाडी जोरात गेली म्हणून. त्या दिवसापासून स्टेअरिंगला हात नाही. जळकोटला बाजाराला चालत जातात, चालत येतात. मी ट्रॅक्टर शिकले तेव्हा बांधावर पाठ करून बसले होते.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. साखळ्या, ब्रेक, दिवे, सगळं ऐकलं. मग मला म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. तर म्हणतात, "सगळं लिवलंय त्यानं. ट्रॅक्टर चढवताना तोंड कुणीकडं करायचं ते लिवलं न्हाई. इचार त्याला."

तीन वर्षांत या माणसानं त्या ट्रॅक्टरविषयी एवढं एकच वाक्य काढलं, म्हणून विचारते. तू विसरलास का लिहायचं? शरणप्पाला विचारलं, तो म्हणतो, कसंबी चढवा. येत्या पंधरवड्यात काम सुरू होतंय. मी त्याच्याच शेजारी बसणार आहे. लवकर लिही.

तुझी,
आक्का


लोहा,
७ मे २०१६

ति. साहेबराव दाजींस,
अण्णारावचा साष्टांग नमस्कार.

आक्कानं विचारलं, पण उत्तर तुम्हाला लिहितो. प्रश्न तुमचा आहे. मावशी घरात नसताना हे वाचा, आक्कालाही वाचायला द्या.

ट्रॅक्टर पाठमोरा चढवायचा. रोटाव्हेटर गाडीकडं, तोंड मागं. ट्रॅक्टरचं मागचं अंग जड, त्यात रोटाव्हेटर. ते जड अंग ट्रॉलीच्या चाकांच्या पुढं राहिलं पाहिजे, म्हणजे दांडा गाडीवर दाबून बसतो. चाकांच्या मागं गेलं तर दांडा उचलला जातो आणि उतारावर ट्रॉली डावी-उजवी झोलायला लागते. मग गाडी कुणाच्याही हातात असो, ती त्याचं ऐकत नाही.

हे मी विसरलो नव्हतो. मुद्दाम लिहिलं नाही. तीन वर्षं ज्या वाक्याला मी वळसा घालतोय ते लिहायला हात धजला नाही.

त्या पाडव्याला तुम्ही सगळे नवा ट्रॅक्टर न्यायला आला होता, तेव्हा माझ्या शेडमध्ये मी बनवलेल्या दोनचाकी ट्रॉलीवर मी तो पाठमोराच चढवला होता. दांडा जीपला लावायला मी आणि मारोती दोघं लागलो, घाम निघाला. तेवढ्यात मावशी ओवाळायचं ताट घेऊन आल्या. "आगं बया! लक्ष्मीला पाठ करून आणता व्हय रे घरी? निघून चालल्यावानी?" तुम्ही ताटाकडं बघितलं नाही, मावशींकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघून विचारलंत, "अण्णा, फिरवला तर चालंल का?"

मी म्हणालो, "चालंल की."

का म्हणालो ते तीन वर्षं शोधतोय. ट्रॉली माहेरची भेट होती. मावशींनी नुकतंच तिच्या निळ्या रंगाचं कौतुक केलं होतं. तुमचे पाहुणे, माझे शेजारी, सगळे उभे. त्या चार माणसांत मावशींना नाही म्हणायचं आणि आक्काला त्याचं ऐकून घ्यावं लागायचं, हे नको वाटलं. उदगीरच्या वाटेनं जायचंय, पाऊणशे किलोमीटर, सावकाश जातील, असा विचार केला. ट्रॅक्टर फिरवला. आणि दाजी, त्यानंतर तो दांडा मी एका हातानं उचलला. एका हातानं. मारोती हसून म्हणाला, "अण्णा, ट्रॉली लई हलकी केलीस की रं!" मीही हसलो. हातात कळत होतं मला. लोखंडात जन्म गेलाय माझा.

"सावकास जावा," एवढंच म्हणालो.

उतारावर तुमची गाडी उलटल्याचं कळलं तेव्हा मी पळत आलो. तुम्ही रस्त्याच्या कडेला बसून पोलिसांना सांगत होता, माझ्याकडनं जोरात गेली. मी चार हातांवर उभा होतो. तोंड उघडायचं होतं, उघडलं नाही. आधी वाटलं, धंदा जाईल. मग वाटलं, आक्काचं माहेर तुटेल. ते तर मी न जाऊनच तोडलं.

पुढंपुढं दुसरंच कळलं आणि तिथं मी पुरता अडकलो. खरं सांगावं तर लोक विचारणार, फिरवला कुणी, का? मग ते मावशींच्या ताटापाशी जाऊन थांबणार. लेक गेलेल्या बाईला काय सांगायचं, की तुमच्या तोंडच्या एका शब्दानं गेला? आणि न सांगावं तर तुम्ही रोज तिच्यापुढं बसून ऐकता. कुठल्याही बाजूनं हललो तरी कुणीतरी चिरडतंच.

म्हणून ठरवलंय. मी पुढच्या रविवारी, पंधरा तारखेला येतो. मावशींपुढं आणि गावापुढं सांगतो की ट्रॉलीची चाकंच मी चुकीच्या जागी बसवली होती, दोष माझ्या कामाचा, साहेबरावांचा नाही. ते खोटं आहे, पण दोष माझा हे खरं आहे. मावशींचं नाव येणार नाही. पुढं पोलीस, शेड, काय व्हायचं ते होऊ द्या. तुम्ही फक्त नाही म्हणू नका.

दाजी, तुम्ही मला विचारून गाडी हाकली होती. मी चालंल म्हणालो होतो. मारोतीला मी मारलं.

तुमचा अपराधी,
अण्णाराव


११ मे २०१६

अण्णारावास,
आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. थोडक्यात लिहितो.

मला त्याच दिवशी कळलं होतं. उतारावर मागून ट्रॉली झोलायला लागली, जीपचं मागचं अंग हलकं झालं. तेव्हा मी पस्तीसच्या आत होतो. मारोती म्हणाला, "दादा, मागनं कुणी ढकलतंय का?" तेच शेवटचं बोलला. तू चालंल म्हणालास ते मला तिथंच आठवलं, आणि आईचं ताटही आठवलं. पोलीस आले तोवर माझं ठरलं होतं.

तू येऊन चाकांचं सांगू नको. आई अडाणी आहे, येडी नाही. त्या दिवशीचं तिला सगळं पाठ आहे. तू ट्रॉलीचं नाव काढलंस की ती विचारील, मग आधी उलटा का चढवला होता रे, आणि फिरवला कशाला? त्यापुढं तुला खोटं बोलता येणार नाही. तुझं तोंड मला माहीत आहे.

तिला माझा राग आहे. त्या रागावर ती उठते, चूल पेटवते, दोन घास खाते. तो काढून घेतला तर तिनं कशावर उठायचं? मी ऐकतो ते मला जड जातं, खोटं कशाला सांगू. काही दिवस असे असतात की ओरडून सांगावं वाटतं. पण मी मोठा आहे.

तुला मी माफ केलं असं लिहिणार नाही. लिहून बघितलं, खोडलं. तू मला सांगितलंस, तेवढ्यानं छातीवरचा एक दगड हलला एवढं खरं. तीन वर्षं वाटत होतं की तुला कळलंच नसेल, आणि मी एकटाच आहे यात.

आता कामाचं. ट्रॅक्टर पाठमोराच जाईल. पण पाठमोरा दारात आणला तर आई पुन्हा बोलणार, आणि का ते तिला सांगता येणार नाही. म्हणून गावाबाहेर शरणप्पाच्या शेतातल्या आखाड्यावर चढवायचा आणि तिथंच उतरवायचा. तिथून घरापर्यंत दीड किलोमीटर. सिंधू उदगीरहून दमून येईल, तिला ते जमायचं नाही. तेवढा तुकडा रोज मी हाकीन. आईच्या डोळ्यांपुढं ट्रॅक्टर घरात तोंडानंच येईल.

काल ट्रॅक्टर आखाड्यावर उभा होता, तिथं जाऊन सीटवर बसून आलो. चालू केला नाही. सिंधू सोमवारपासून कामाला लागते, तोवर जमवतो.

तू रविवारी ये. बोलायला नको, साखळ्या बांधून दाखवायला ये. आई विचारील, काय करून राहिलास इतकी वर्षं. काम होतं म्हण.

मारोतीचा भाऊ,
साहेबराव