तासकुडुकचा थांबा

३ मार्च
पेपरात पुन्हा तोच वाद: सरकारने पैसा रुळांवर घालावा की रस्त्यांवर? ह्यात विचारायचं काय! मंत्रालयाला बारावं पत्र टाकलं. आधीच्या अकरांना उत्तर नाही, म्हणजे गंभीरपणे विचार चालू आहे. एकतीस वर्षं तासकुडुक स्टेशनचा मास्तर आहे. दिवसाला एकच पॅसेंजर, मी लाल निशाण दाखवलं तरच थांबते. थांबा गेला तर नोकरी जाईल, रेल्वेचं हे घरही जाईल. पण जातोय कशाला!

९ मार्च
आयदोस रस्त्याच्या कामावर लागला. रोलर चालवतो. पोटचा पोरगा घरभेदी! बोलणं बंद. (जेवताना मीठ मागितलं, ते धरत नाही.)

२ एप्रिल
उत्तर आलं! थांब्याची पाहणी करायला साहेब येणार. तारीख नाही. बायको, कुल्याश, म्हणाली, अहो, मेंढा एकच उरलाय. म्हटलं, बाई, मेंढ्यापायी स्टेशन घालवू?

११ एप्रिल, संध्याकाळ
तीन साहेब आले. जीपने. आमची पॅसेंजर लेट असेल. मेंढा कापला. मोठ्या साहेबापुढे शिजवलेलं डोकं ठेवलं, कझाक माणूस ह्याहून मोठा मान देत नाही. पाहुणा जेवेपर्यंत कामाचं विचारू नये. जेवणानंतर माझंच भाषण रंगलं. कुल्याश दारातून खुणा करत होती. हिला मोठ्यांत बोलायची भारी हौस. साहेबांनी जाताना प्लॅटफॉर्मभर खुंट्या ठोकल्या. प्लॅटफॉर्म वाढतोय!

१२ एप्रिल, दुपार
मेजवानीच्या शिणाने जरा डोळा लागला. पॅसेंजर निघून गेली. एकतीस वर्षांत एकदा! कोण उतरणार होतं इथे?
कुल्याश आत्ता सांगते, जीपच्या दारावर रस्ते खातं असं ढळढळीत लिहिलं होतं. मग काल तोंडाने बोलायला काय झालं होतं?

२० मे
हुकूम आला. 'पाहणी अधिकारी १२ एप्रिलच्या पॅसेंजरने आले. तासकुडुकला गाडी थांबत नाही. थांबा बंद.'
सगळा कट आहे. डोकं खाल्लं एकाने, नरडं कापलं माझं.

१४ ऑक्टोबर
घर सोडून आयदोसला कामावर मिळालेल्या खोलीत राहतो. त्याच्या रस्त्याबद्दल एक शब्द बोलत नाही, तोही बोलत नाही. पोरगा चांगला आहे, हे मला फार लागतं.
आज तक्रार घेऊन शहराला निघालो. बसने. ती आमच्या प्लॅटफॉर्मच्याच जागी थांबते, फक्त हात दाखवावा लागतो. हात वर केला, तर हातात निशाण. सकाळी कधी उचललं, कळलंच नाही.
लेकाची, पहिल्याच इशाऱ्याला थांबली.