अर्धा कोयता

प्रिय धनश्री,

मला पार विसरलीस ना? बरंय माय, निदान विसरभोळेपणा तरी आजीचा उचललास. फोन घेत नाहीस, म्हणून मी सांगते आणि तुझी आई लिहिते. सुरेखा मध्येच डोळे पुसते. अक्षर फरफटलं तर बोल तिला लाव, मला तर अक्षरच येत नाही.

पियानोचं रेकॉर्डिंग अर्ध्यात टाकून तू उठलीस. तुमचा वाद्यमेळ चालवणाऱ्या सुंदररावांचं तोंड बघणार नाही म्हणालीस. कावून, तर ते काडी हळू हलवतात, मागचा सगळा वाद्यमेळ रेंगाळतो. तुझ्यावर भरवसा नाही म्हणून मुद्दाम करतात, असं तू धरून बसलीस. आधी मलाही वाटायचं, स्वतः काही न वाजवता नुसती हवा ढवळणारा हा माणूस तिथे लागतो कशाला! पण तुमचं पहिलं रेकॉर्डिंग तू ऐकवलंस. तू थांबलीस की त्यांची काडी थांबायची, मागचे सगळे श्वास धरायचे. मला तुझे आजोबा आठवले.

नवरा-बायको मिळून एक कोयता, हे तुला नवं नाही. ते ऊस तोडायचे, मी मोळ्या बांधायची. कडा गावच्या उसाच्या फडात एका हंगामाला त्यांचा हात मंदावला. मी भांडले नाही, विचारलंही नाही. माझ्याच मोळ्या सावकाश बांधायला लागले, म्हणजे मुकादमाला वाटावं, बाईच लई आळशी. शिव्या मी खाल्ल्या. त्यांची छाती पोखरल्याचं मागाहून कळलं, आणि त्यातच ते गेले. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, धने. मी तेव्हापासून अर्धीच आहे.

काल सुंदरराव लिंबागणेशला आले होते. दर्शनाला म्हणाले, पण देवळात न जाता आपल्या ओट्यावर बसले. चहाचा घोट उतरेना. अन्ननळीला गाठ आहे, अन्न जात नाही, म्हणून हात मंदावलाय. पुढच्या आठवड्यात कापणार, पुढचं डॉक्टरही बोलत नाहीत. दुसरी पियानोवाली घ्या म्हणून सगळे मागे लागलेत, ते ऐकत नाहीत. तुला सांगू नये म्हणून मला गणपतीची शपथ घातली. ती मी मोडतेय, देवाशी माझं मी बघून घेईन. जा गं माय. तुझ्या पाया पडते, हवं तर हस मला. त्यांचा हात चालेल तशीच तुझी बोटं चालू दे, आणि हळूपणाचा बोल लागलाच तर तो तू घे. तुझा चुलतभाऊ बाळू आजच पुण्याला निघालाय, पत्रासोबत हुलग्याचं पीठ देतेय. त्याचं रोज पेजेसारखं पातळ माडगं कर, फडक्यातून गाळ, तिखट अजिबात नको, आणि कोमट आहे तोवर त्यांच्याकडे पाठव.

तुझीच,
भिवराआजी