खर्जवाला दवाखान्यात

प्रिय याक्षादादा,

रागावू नकोस, एक गोष्ट वर्षभर तुझ्यापासून लपवली. मला सारखं लघवीला जावं लागायचं. आमच्या गाण्याच्या मंडळात खर्ज माझा, आणि मीच गाणं अर्ध्यात टाकून पळायचो. बाबा प्रोस्टेटच्या कॅन्सरनंच गेले, म्हणून डॉक्टरचं नाव काढायचीही भीती वाटे. शेवटी पेरिनाच कडाडली, "भ्यायचंच असेल तर आधी तपासून घे, मग खुशाल भी! बायको आहे मी, विधवा व्हायची हौस नाही मला."

मासेमारीची नवी जाळी आणायला जातो, अशी मंडळात थाप मारून मी बेटावरून बोटीनं स्प्लिट शहर गाठलं. दवाखान्यात बघतो तर बाकावर आमचा वरच्या पट्टीत गाणारा विट्स्को! तो भाचीच्या लग्नाला गेलाय, असं सगळ्यांना सांगून आला होता.

"काय रे, लग्न इथंच आहे वाटतं?"

"हो, आणि तुझी जाळी आत डॉक्टरीणबाई विणतायत!"

इतके हसलो, की दोघांनाही धावत संडास गाठावा लागला.

काल निकाल आला. दोघांचंही प्रोस्टेट वाढलंय, पण कॅन्सर नाही! बातमी कळताच पेरिना हातातल्या पिठासकट माझ्या गळ्यात पडली.

दादा, तू म्हणतोस, गुडघ्यांमुळे मासेमारीला बोटीवर येत नाही. पण जेवता जेवता तीनदा उठतोस, तेही किती चपळाईनं! हे पत्र पाठवलं तर तू चुलीत घालशील. म्हणून पाठवतच नाही. शुक्रवारी सकाळी मीच तुला बोटीनं स्प्लिटला न्यायला येतोय. डॉक्टरीणबाईंकडे तुझं नाव घातलंय.

तुझा धाकटा,
डिंको