घातांक शून्य

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांची पाठ आता बरी आहे, स्वभाव आहे तसाच आहे. काल चहा गार लागला म्हणून कप भिंतीवर आपटला.

प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता माझं गणित चालू आहे. आमच्या मुख्य बाई म्हणतात, बाहेरून परीक्षेला बसून गणिताचा पेपर सोडवलास तर परगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतील, राहायला खोलीही मिळेल. दादा, मला या घरातून सुटायचं आहे, सरळच लिहिते. एका जागी अडले आहे. पाचाचा शून्यावा घात म्हणजे किती? आणि बाटलीवर दहाचा वजा तीन घात लिहिलेला असतो, तर बाटलीत वजा काय असणार? तू वर्गात हेच शिकवतोस, म्हणून विचारते.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तो पत्रातही दिसू दे.

तुझी ठकी

११ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

चाळिशीत पाटी हातात घेतलीस, कौतुक आहे. तुझी वहिनी म्हणते, नणंदबाई शास्त्रज्ञ झाल्यावर मामंजींना कोण बघणार? मी म्हटलं, थट्टा पुरे.

शंका अगदी सोपी आहे. पाच एकदाही घेतला नाही, तर हातात काय उरलं? शून्य. आणि घातांक वजा झाला की उत्तरही वजा. पुस्तकातलं स्पष्टीकरण वाचून डोक्याचा भुगा करून घेऊ नकोस, एवढं पाठ कर.

बाबांना जप, लोभ आपोआप वाढेल.

तुझा दादा

२ ऑगस्ट

चि. ठकीस,
अ. आ.

नापास झालीस ते कळलं. वाईट वाटलं, नवल मात्र वाटलं नाही. गणित पिंडातच असावं लागतं. बाबांची पाठ चोळायला बीजगणित लागत नाही, आणि त्यात तुझा हात कोण धरणार? आमच्या दोन खोल्यांत त्यांची सोय होणं शक्य नाही, हे तू जाणतेसच. झालं गेलं विसरून जा.

तुझा दादा

१९ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

नापासाचा पेपर घेऊन रडत बसले होते. बाईंनी तो पाहिला आणि फळ्यावर लिहून दाखवलं. हजार, शंभर, दहा. घातांक एकाने उतरला की संख्येला दहाने भागायचं. दहाला दहाने भागलं की एक, म्हणजे शून्यावा घात एक. आणखी उतरलं की दशांश, शतांश, सहस्रांश. कितीही उतरा, शून्य येत नाही, वजा तर नाहीच. बाटलीत औषध सहस्रांश, बाकी पाणी.

बाईंनी विचारलं, हे चुकीचं कोणी शिकवलं? म्हटलं, सख्ख्या भावाने, तो गणिताचा मास्तर आहे. त्या म्हणाल्या, गणिताचा मास्तर हे चुकेल कसा? वर्षानुवर्षं लोकांच्या पोरांना तू हे बरोबर शिकवलंस, चुकलास तो माझ्यापुरता. घातांक विचारला तर घातच केलास, दादा. मला तुझी चीड येते.

दुसऱ्या खेपेला पास झाले. सोमवारी हजर व्हायचं आहे. बाबांना आज तुझ्या गावच्या गाडीत बसवून देते आहे, औषधं पिशवीत आहेत. तूच हट्टाने बोलावलंस असं त्यांना सांगितलंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गोड बोलले. म्हणाले, शेवटी मुलगा तो मुलगा.

हे पत्र त्यांच्याच खिशात घातलंय. चष्मा मुद्दाम ठेवून घेतला आहे, तेव्हा ते तुलाच मोठ्याने वाचून दाखवायला सांगतील. काय वाचायचं ते तुझं तू ठरव.

ठकी