बिनधन्याचं घर

३ फेब्रुवारी
रुईपिंपरीत सुखरूप पोचलो. देवगाव फाट्यावर नगरपंचायतीची जीप हजर होती. सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाला एवढा मान पुण्यात मिळत नाही. घरांची मापं घेऊन त्यांचं मूल्य ठरवणारी आमची प्रणाली निविदेत सर्वांत स्वस्त होती म्हणून घेतली, हे मुख्याधिकाऱ्यांनी चहासोबत प्रांजळपणे सांगितलं. अट एकच: गावातलं एकही घर सुटता कामा नये. सुटलं तर काम पूर्ण झाल्याचा दाखला नाही, आणि दाखल्याविना मला परतणं नाही. मी संस्कृतात एम.ए. आहे हे कळल्यावर करविभागातल्या बबिताताईंनी सत्यनारायण सांगता का म्हणून विचारलं. रात्री फोनवर माधवी पोट धरून हसली. लग्नाला वीस वर्षं झाली, तरी बायको माझ्या पदवीला अजून हसते.

९ फेब्रुवारी
मोजणीला सोबत तात्याराव. त्यांची हयात याच कामात गेली. त्यांचा दंडक असा की टेपचं शून्याचं टोक घरधन्यानं धरायचं, दुसरं आपण. धनी नसेल तर टेप खिशात. हे कुठल्या शास्त्रात आहे, असं विचारलं. म्हणाले, शास्त्र तुमच्याकडं सायब, आमच्याकडं नुस्ती टेप हाय.

१४ फेब्रुवारी
एकच घर उरलं. बाजारामागं, पत्र्याचं, एका खोलीचं. कुणाचं ते कुणालाच ठाऊक नाही. ड्रोनच्या नकाशावर मात्र ठळक दिसतं, त्यामुळे प्रणाली पुढं सरकेना. तात्याराव म्हणाले, ऱ्हाऊ द्या सायब, ह्याला धनी न्हाई. मग आजच्यापुरता धनी मीच, असं म्हणून शून्याचं टोक घेऊन आत शिरलो आणि मागच्या भिंतीशी धरून उभा राहिलो. बारा फूट भरलं. तात्याराव हसले नाहीत. एवढा बरा विनोद फुकट गेला.

१६ फेब्रुवारी
प्रणालीत त्या घराच्या नोंदीपुढं भोगवटादार म्हणून माझं नाव आलंय. बबिताताई देवाशपथ सांगतात की त्यांनी घातलेलं नाही. आम्ही पुसलं. चहा घेऊन येईतो परत हजर. मी ज्यांच्याकडं भाड्यानं उतरलो त्या मालनबाईंनी माझी बॅग तिकडं पोचती केली. वर दटावलं, सोताचं घर असून भाडं कशापायी भरायलाव?

१८ फेब्रुवारी
दाखला मिळाला. फाट्याकडं निघालो, प्रत्येक वळण बाजारामागंच येतं. लोक प्रेमानं विचारतात, घराकडं का सायब? शेवटी जीपमध्ये बसलो. ड्रायव्हरनं त्या दारातच थांबवली. म्हणाला, उतरा, आलं घर.

१९ फेब्रुवारी
बॅग घ्यायला म्हणून आत आलो. दार सताड उघडं आहे. उंबऱ्याबाहेर टाकलेलं पाऊल आतच पडतं. दुपारभर हाच उद्योग. संस्कृतात याला काही शब्द असेल, आठवत नाही.

२० फेब्रुवारी
तात्याराव खिडकीशी आले. बाहेरून मोजलं, बारा फूट. टेप आत घेऊन मी मोजलं, नऊ; त्यांना परत दिली. दुसऱ्या कुणी आत येऊन शून्याचं टोक धरलं तरच तुमी सुटताव, मग धनी त्यो, असं म्हणाले. मग तुम्ही धरा, म्हटलं. टेप खिडकीतून आत टाकली आणि मान खाली घालून म्हणाले, लेकरंबाळं हायत सायब.

२१ फेब्रुवारी
सहा फूट. माधवीचा फोन. काम वाढलंय, असं सांगितलं. माझ्या आवाजावरून ओळखलं तिनं. निघते म्हणाली. येऊ नकोस म्हणून ओरडलो — फोन बंद झाला होता.

२२ फेब्रुवारी
पाय लांब होत नाहीत. पाठ भिंतीला, गुडघे भिंतीला. बाहेर तिचा आवाज. पत्ता विचारतेय. सगळे सांगतायत — किती प्रेमानं सांगतायत —

माधवी दारात. तात्यारावांनी तिला सगळं सांगितलंय. म्हणते, अहो, टोक धरायचं, एवढंच ना? द्या इकडं.
नको म्हणायचंय. नको. ओठांवर आलंय —
टेप माझ्या हातात आणि हात — मी नाही करत — हात तिच्याकडं —