गालिच्याला पडलेलं टक्कल

प्रिय धाकट्या,

काल दुपारी आमच्या ऑफिसातून तुला फोन गेला की तुझा व्हॅक्यूम क्लीनर गालिच्यांसाठी पास झाला, आणि त्यानंतर तासाभरात तू मला सात वेळा फोन केलास. मी एकदाही उचलला नाही. मी तेव्हा प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यात एकटी उभी राहून एकाच वेळी हसत आणि रडत होते. पन्नाशीच्या बाईला असं करताना कुणी पाहू नये म्हणून धुळीचा मास्क पार डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता. तेव्हा आधी पोटभर अभिनंदन घे. तुझ्या बायकोलाही सांग, कारण तुझ्या कारखान्यातला तो सगळा खटाटोप तिने सोसलाय. पण मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. ती कळल्यावर तू खो खो हसशील की वर्षभर माझ्याशी अबोला धरशील, हे मला खरंच सांगता येत नाही. कालपासून जेवण गोड लागत नाहीये. म्हणून सगळं वाच, मग काय करायचं ते कर.

तू लोकांना सांगत फिरतोस की आमची ताई पगार घेऊन केर काढते. त्यात खोटं काही नाही, फक्त तो केर आम्ही आधी स्वतःच टाकतो. ठरावीक जाडीची वाळू आणि बारीक भुकटी तोलून घ्यायची, गालिच्यावर सारखी पसरायची, जड रूळ फिरवून ती आत दाबायची, मग यंत्र ठरल्या वेगाने पुढेमागे न्यायचं आणि पिशवीत किती आलं ते तोलायचं. आमच्या तोलणाऱ्याला सगळे छटाक म्हणतात. तो वजन करताना श्वाससुद्धा रोखून धरतो आणि तेवढ्यात कुणी शिंकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. यंत्र कुणाचं हे आम्हांला कळू देत नाहीत. नाव झाकलेलं असतं आणि पाठीवर फक्त क्रमांक. शेवटी गालिच्याची झीज. एकाच पट्टीवर यंत्र हजारो फेऱ्या मारतं, आणि मग ती पट्टी कोऱ्या पट्टीशेजारी दिव्याखाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी आणि तळहाताने पारखायची. तिथे काटा नाही, मीटर नाही. तुझी समजूत होती की मी अजून पिशव्यांच्या खोलीत आहे. तिथून मला झिजेच्या टेबलावर बसवलं त्याला आता दोन वर्षं होतील. कोण कुठली परीक्षा घेतं हे आम्ही घरीसुद्धा बोलायचं नसतं, म्हणून तुला कळलं नाही.

तुझं हे वेड काही आजचं नाही. नऊ वर्षांचा असताना तू पंख्याची जुनी मोटर आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा जोडून केर ओढणारं यंत्र केलं होतंस. वायर धरायला अर्थातच मी. पहिल्याच झटक्यात आईच्या शालीची झालर आत गेली. आईने तुला धोपटायला हात उचलला, आणि डब्यात डोकावून म्हणाली की पलंगाखालून एवढा केर मलासुद्धा कधी काढता आला नव्हता. झालं, तेव्हापासून तू जो हवेत गेलास तो गेलासच. मला बसलेल्या विजेच्या झटक्याची चौकशी अजून कुणी केलेली नाही.

तर मागच्या वर्षी आमच्याकडे क्रमांक एकतीस आला. काय ओढायचा रे! छटाकने पिशवी तीनदा तोलली, कारण पहिल्या दोन वेळा त्याचा विश्वासच बसेना. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याच्याचबद्दल बोलत होतो, की हे ज्याने केलंय तो माणूस अर्धा वेडा आणि दीड शहाणा असला पाहिजे. मग पट्टी माझ्या टेबलावर आली. दिव्याखाली धरली आणि तळहात फिरवला. मधोमध टक्कल! ब्रश इतका ताठ होता की केराबरोबर त्याने लोकरही उपटली होती. मला हळहळ वाटली, पण मी नापास लिहिलं आणि पुढच्या पट्टीकडे वळले.

त्यानंतरच्या एका रविवारी तू दुपारी आमच्याकडे जेवायला आलास. मला चकित करायचं म्हणून तू यंत्र पाठवल्याचा पत्ता लागू दिला नव्हतास, आणि आता खिशात निकालाचा कागद घेऊन आला होतास. तू तो ताटावरच मोठ्याने वाचलास. अहवालात 'तंतूंची झीज' असं लिहायचं असतं. 'टक्कल' लिहू नका म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई मला दर वेळी बजावतात, आणि माझ्या हातून ते दर वेळी लिहिलं जातं. माझ्याशिवाय तो शब्द आमच्याकडे कुणीच लिहीत नाही. तू 'मधोमध टक्कल' म्हणालास आणि माझ्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. पुढचा तासभर तू त्या परीक्षकाचा जो उद्धार केलास, तो मी वाढता वाढता ऐकला. त्या माणसाला स्वतःलाच टक्कल असणार म्हणून जिकडेतिकडे तेच दिसतं, असं तू म्हणालास आणि मला म्हणालास, ताई, हस की! मी हसले. प्रमाणपत्रावर सह्या होईपर्यंत परीक्षकाचं नाव सांगायची आम्हांला बंदी असते, आणि त्या सह्या काल झाल्या.

पण खरी गोष्ट ही नाहीच. नापास लिहिलं तेव्हा मला काय ठाऊक! खरी गोष्ट त्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे. सोमवारी मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एक फॉर्म पुढे केला आणि म्हणाल्या, तुम्हांला कल्पना नव्हती, तेव्हा निर्णय तुमचा. नात्यामुळे गुंता झालाय असं लिहिलंत तर ही परीक्षा रद्द होईल आणि तुमच्या भावाच्या यंत्राची पहिल्यापासून नवी होईल. मी नसले की झीज छटाकच पारखतो, म्हणजे नवी परीक्षा त्याच्या टेबलावर झाली असती. तोलण्यात तो जितका कडक, झिजेच्या बाबतीत तितकाच मऊ. त्याने आजवर एकही पट्टी नापास केलेली नाही. एका सहीत तू सुटला असतास. मी तो फॉर्म घेऊन अख्खी सकाळ बसले. कपाटातून तुझी पट्टी पुन्हा काढली, डोळे मिटून हात फिरवला. धाकट्या, तिथे लोकर लागावी असं मला इतकं वाटत होतं की मी तीनदा फिरवला. लोकर नव्हती. मी लिहिलं, 'नात्याचा परिणाम नाही. निकाल कायम.'

त्या दोन वाक्यांत तुझे आठ महिने गेले. तुझी यंत्रं घेणार होता त्या दुकानदाराने ऑर्डर दुसऱ्याला दिली, तुझं वजन उतरलं, आणि तू आमच्याकडे आलास की खिशातून ब्रशचे नाना तऱ्हेचे केस काढून माझ्या हातावर घासायचास. ताई, हे टोचतं का? आणि हे? मी म्हणायचे, मला मेलीला काय कळतं त्यातलं. असं म्हणताना माझी जीभ किती वळवळायची ते माझं मला माहीत.

या वेळी तुझं यंत्र येणार हे ठाऊक असल्यामुळे मला दूर ठेवलं. पट्टी छटाककडे जाऊ नये म्हणून मीच मोठ्या बाईंना विनंती केली, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या एक बाई आल्या, ज्यांच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. मी तीन दिवस गोदामात गालिच्यांचे तुकडे मोजत होते आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता. चौथ्या दिवशी छटाक आला. त्यालाही बोलायची बंदी. तो माझ्यासमोर बसला, डबा उघडला आणि त्यातला गोडाचा तुकडा सगळाच्या सगळा माझ्यापुढे सरकवला. हा माणूस डब्यातलं बोटभर चाखायला देत नाही रे! मी तो तुकडा तिथल्या तिथे खाल्ला आणि जिन्याकडे पळाले.

उद्या तुझं पाकीट निघेल. त्यात प्रमाणपत्र असेल आणि नियमाप्रमाणे आधीच्या निकालाचे सगळे कागदही असतील. त्यात तो फॉर्म आहे, खाली माझी सही आहे. मोठ्या बाई म्हणाल्या की मी त्यावर माझं नाव घालते, तुम्ही कशाला भावाच्या नजरेतून उतरता. मी नको म्हटलं. तुझे आठ महिने गेले याचं मला फार वाईट वाटतं, पण निकालाचं वाटत नाही, आणि ही दोन्ही वाक्यं तुला माझ्याकडूनच कळायला हवीत. म्हणून हे पत्र पाकिटाच्या आधी पोचेल अशा बेताने आज स्वतः टपालात टाकते आहे. ती सही तू एकट्याने वाचू नयेस, एवढंच मला हवं होतं. मी शेजारी बसून त्यावर बोट ठेवून दाखवते आहे असं समज, आणि मग हवं तेवढं भांड.

तुझीच,
ताई