बाबांच्या बसविरुद्ध

दि. ६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी श्वास न घेता बोलते म्हणून तू पत्राचा वटहुकूम काढलास, तर आता भोग. पत्रात मला मध्येच कोणी थांबवू शकत नाही, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आमच्या शाळेत यंदा हवामानबदलाचा अभ्यास चाललाय. म्हणजे दर महिन्याला एक सहल आणि एक वादविवाद. सहल म्हणायचं नाही, शैक्षणिक भेट म्हणायचं, असं विज्ञानाच्या बाईंनी बजावलंय. सहलीला खाऊ असतो, भेटीला वही असते. मागच्या महिन्यात सांडपाण्याचं केंद्र पाहिलं (नाक धरून), आणि परवा पवनचक्क्या. तिथले इंजिनिअर धुराबद्दल फार कळकळीने सांगत होते, पण आम्हाला एक अक्षर ऐकू येईना, कारण शेजारीच आपली बस धडधडत उभी होती. तुला माहीतच आहे, बाबा ती बंद करत नाहीत. बंद केली की ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून नेहमी उतारावर लावतात, आणि पवनचक्कीपाशी उतारच नव्हता. आम्ही वहीत 'धूर कमी करा' लिहितोय आणि आमच्याच बसचा धूर वहीवर येतोय! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. शेवटी इंजिनिअरांनी हात जोडले, बाबांनी बस बंद केली, आणि परत निघताना अख्ख्या वर्गाने ती ढकलली, बाईंसकट.

ढकलता ढकलताच बाईंना या महिन्याचा विषय सुचला असणार, कारण सगळ्यात जास्त धापा त्याच टाकत होत्या. विषय असा: 'शाळेने आपली डिझेल बस बंद करावी.' आणि हा नुसता खेळ नाही, आत्या. मुख्याध्यापिका स्वतः ऐकायला बसणार आहेत, आणि पुढच्या वर्षी बसचं काय करायचं ते त्यांना ठरवायचंच आहे. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत निघालं, 'बंद करावी'.

आता तूच सांग. माझ्या जन्माच्या आधीपासून बाबा ती बस चालवताहेत. मी स्टेजवर उभं राहून म्हणू, की ती भंगारात काढा? आपलेच दात आणि आपलेच ओठ! समोरच्या बाजूला आमच्या वर्गातली 'उपड्रायव्हर' आहे. ती रोज बाबांच्या मागच्या सीटवर बसते आणि उतरेपर्यंत त्यांच्या कानाशी बडबडते, म्हणून हे नाव. ती चिठ्ठी बदलायला तयार आहे. बदलू का? बाबांना मी अजून काहीच बोललेली नाही.

आईचा तुला नमस्कार. लोभ आहे तेवढा असू दे, उत्तर मात्र जरा जास्त लांब लिही.

तुझी,
टकळी

*

दि. ११ नोव्हेंबर

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. गिऱ्हाईक डोळे तपासायला खुर्चीत बसलं होतं आणि मी काउंटरमागे तुझं पत्र वाचून एकटीच हसत होते. त्या बिचाऱ्याला वाटलं, त्याचा नंबरच हसण्यासारखा आलाय. तुझ्यापायी माझं एक गिऱ्हाईक गेलं असतं.

चिठ्ठी बदलू नकोस. आपल्या सोयीचं बोलायला अक्कल लागत नाही, नुसतं तोंड पुरतं, आणि ते तुला देवाने सढळ हाताने दिलेलं आहे. जरा अवघड बाजू घे, म्हणजे डोक्यालाही काम मिळेल. पण आधी तुझ्या बाबाला सांग. हॉलमध्ये चारचौघांत कळण्यापेक्षा घरी जेवताना कळलेलं बरं. तो ओरडायचा नाही. फार तर गप्प बसेल आणि पेपर वाचायचं नाटक करेल.

पेपर अजून हातभर लांब धरतो का गं? लांबचं त्याला रस्त्याच्या टोकाचं मांजर दिसतं, नाकासमोरचं अक्षर दिसत नाही. वर्षानुवर्षं मी मागे लागलेय की वाचायचा चष्मा करून देते. तर म्हणे, ड्रायव्हरच्या खिशात चष्मा दिसला तर पोरांचे आईबाप घाबरतील. जगाला मी चष्मे घालते आणि सख्खा भाऊ डोळे बारीक करून बसतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

अभ्यास कर, आईला मदत कर, आणि अधूनमधून श्वास घे. माझा लोभ तुझ्यावर आहेच, तो फुकटचा आहे.

तुझी,
आत्या

*

दि. २० नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं जेवताना सांगितलं. बाबा हसले. जरा जास्तच वेळ हसले. मग पेपर उघडून बसले, आणि तो उलटा आहे हे आईने त्यांना सांगितलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. परवा बाईंनी आमचा सराव घेतला. उपड्रायव्हर उभी राहिली आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. भरलेल्या बसला डिझेल किती लागतं, ती बंद केली तर सकाळी शाळेच्या दारात किती मोटारी येतील, नवी बस बनवताना कारखान्यात किती धूर होतो, सगळं तिला पाठ! मला वाटलं, लायब्ररी पालथी घातली असेल. काल बसमध्ये हळूच पुढे सरकून पाहते तर काय, बाबा आरशात बघत एकेक मुद्दा सांगताहेत आणि उपड्रायव्हर खाली मान घालून लिहून घेतेय. घरभेदी, आत्या! माझे स्वतःचे बाबा!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आल्यावर जाब विचारला, तर बाबा शांतपणे म्हणाले की तिने विचारलं म्हणून सांगितलं, तू कधी विचारलंस? मग मीही हट्टाने विचारायला बसले. आणि त्यांनी मलाही सगळं सांगितलं: थंडीत ती सुरू करताना काळा धूर किती निघतो, नुसती उभी राहून किती डिझेल पिते, सगळं. स्वतःच्या बसच्या चुगल्या करताना त्यांना मजा वाटत होती.

इथपर्यंत ठीक होतं. आज मधल्या सुट्टीत उपड्रायव्हर म्हणाली, तुझ्या बाबांचं वाईट वाटतं गं. मी विचारलं, का? तिला वाटलं मला माहीत आहे. बाबांनी तिला सांगितलंय, की बॅटरीवरची नवी बस आली तर तिच्याबरोबर नवा ड्रायव्हर येणार.

आत्या, मी जिंकले तर बाबा घरी बसतील. मला जिंकायचीच भीती वाटतेय. मी ठरवलंय की मुद्दाम हरायचं. दोन मुद्दे विसरायचे, तिसऱ्याला अडखळायचं. यात खोटं काय आहे? आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

यावेळी विनोद सुचत नाहीये. माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
टकळी

*

दि. २३ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी लेक वादविवादात मुद्दाम हरणार आहे. जी पोर झोपेतही बडबडते ती आपण होऊन अडखळायचं म्हणतेय, त्यावरून प्रकरण कुठवर गेलंय ते ओळख. नवा ड्रायव्हर येणार हे तू परक्या पोरीला सांगितलंस आणि घरात तोंडाला कुलूप लावलंस. शाबास!

मी वहिनीला फोन केला. (वटहुकूम फक्त टकळीसाठी आहे.) वहिनी सांगत होती की नव्या बसचं प्रशिक्षण घ्याल का, असं मुख्याध्यापिकांनी तुला हट्टी पोराला समजवावं तसं पुन्हा पुन्हा विचारलं, आणि तू नाही म्हणालास. म्हणजे नवा ड्रायव्हर येणार तो तुझ्या नकारामुळे! त्या प्रशिक्षणाला जाडजूड पुस्तक आहे आणि शेवटी लेखी परीक्षा आहे. दादा, बसवर तुझं प्रेम आहे हे मला ठाऊक आहे. पण तू अडलायस तो प्रेमापायी नाही, बारीक अक्षरापायी. चष्मा नको, म्हणून पुस्तक नको, म्हणून नवी बस नको. आणि याची किंमत ती पोर तोंड मिटून देणार.

वादविवादाला जाऊन बस. शेवटच्या रांगेत बस हवं तर. आणि त्याआधी तिला सांग, की जिंकायला निघ.

रागावलास तर रागाव, धाकटीचा हक्क म्हणून लिहिलंय. लोभ कमी झाला तरी चालेल, कळवत मात्र जा.

तुझी,
धाकटी

*

दि. २ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईच्या औषधासारखं होतं. कडू, आणि नाक धरून घ्यावं लागलं. दोन दिवस तुझ्यावर रागावलो होतो, मग कंटाळा आला.

टकळीला मी सांगितलं, की मुद्दाम हरलीस तर उद्यापासून शाळेत चालत जायचं. रडली थोडी. मग म्हणाली, की असं असेल तर वादात मी तुमच्या बसला सोडत नाही. म्हटलं, नको सोडूस.

मी शेवटच्या रांगेत बसलो. उपड्रायव्हर आधी बोलली, आणि काय बोलली! ही बस उशीर झालेल्या पोरासाठी थांबते, कोणाला बस लागते ते तिला माहीत असतं, त्याला ती खिडकीपाशी बसवते, विसरलेलं दप्तर घरी आणून देते. टाळ्यांवर टाळ्या. मी इकडे फुगून बसलो.

मग आपली उठली. धुराचे आकडे धडाधड मांडले, एकदाही अडखळली नाही. नंतर म्हणाली, की समोरच्या बाजूने सांगितलेला शब्द न् शब्द खरा आहे. पण इंजिन कधी कोणासाठी थांबलेलं नाही. ते तर ढकलल्याशिवाय सुरूही होत नाही. थांबतो तो ड्रायव्हर. खिडकी देतो तो ड्रायव्हर. तेव्हा बस काढा आणि ड्रायव्हर ठेवा, दोघांना एकाच भंगारात घालू नका. आणि मग, धाकटे, माझ्याकडे बघून म्हणाली, की आपल्याला नवीन शिकायला जमणार नाही असं ड्रायव्हर सांगेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आजच्या दोन्ही बाजू त्यानेच शिकवलेल्या आहेत.

शेजारच्या शिपायाने विचारलं काय झालं, तर मी म्हणालो डोळ्यांत धूर गेला. बस तेव्हा बाहेर उतारावर बंद उभी होती.

करंडक उपड्रायव्हरला मिळाला. परीक्षक म्हणाले की आपल्या मुलीने विषय सोडून भाषण केलं. टकळी फणफणतेय, घरात कोणाला सुखाने जेवू देत नाही. पण दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं आणि ते पुस्तक पुन्हा समोर ठेवलं. मी ते लांब धरलं. आणखी लांब धरलं. शेवटी हात संपले. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून माझ्यापुढे ठेवला. घातला. अगं, सोपं आहे ते सगळं! मला वाटलं होतं काय न् काय लिहिलेलं असेल.

नवी बस जूनमध्ये येणार, तोवर म्हातारी आहेच. माझं नाव प्रशिक्षणाला दिलंय. टकळी रोज माझा अभ्यास घेते, आणि चुकलो की बाईंसारखी चष्म्यावरून बघते, स्वतःला चष्मा नसताना.

तर पाठव एकदाचा. फ्रेम साधी असू दे, काड्या मजबूत, उपड्रायव्हर मागून ओढून बघणारच आहे. तुझ्याकडे यायला सध्या सुट्टी नाही, अभ्यास आहे. या पत्रातल्या ओळी किती वरखाली गेल्यात ते बघ, आणि त्यावरूनच नंबर काढ.

तुझा,
दादा